मुलांसमोर पैशाचे बोलावे का?

गेल्या हनुकात माझ्या आठ वर्षांच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. मी त्याला सणाचे पैसे द्यायला पाकीट काढले आणि त्यात सुट्टे नव्हते. "थांब, उद्या देतो," असे मी म्हणालो. तो म्हणाला, "सबा, नसतील तर भिंतीतून काढ ना! भिंतीत खूप आहेत." भिंत म्हणजे कस्पोमात. आई-बाबा कार्ड घालतात आणि भिंत पैसे देते, असे त्याने जन्मापासून पाहिलेले. आता तर भिंतसुद्धा लागत नाही. फोनवर बोट फिरवले की पैसे इकडून तिकडे जातात, आणि मुलाला ना नाणे दिसते ना नोट.

घरातले सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. भिंतीत पैसे कुठून येतात हे या मुलाला कोण सांगणार? आणि मला कोणी सांगितले होते? मी माझ्या मुलाला सांगितले होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला चांगले ठाऊक आहे आणि ते सुखाचे नाही. तेच आज इथे लिहितो आहे. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने घडली असेल, असे मला वाटते.

माझे बालपण मुंबईला माझगावच्या चाळीत गेले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. पगार झाला की तो आईच्या हातात जाई, आणि आई त्याचे वाटे करी: भाडे, वाण्याची उधारी, दूध, शाळेची फी, आणि शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी त्सेदाकाच्या डबीत टाकायचे एक नाणे. आम्हा मुलांना यातले फक्त डबीतले नाणे दिसायचे. बाकीचे आकडे आई-वडील आम्ही झोपल्यावर बोलत. "पैशाची बोलणी मोठ्यांची," असे आजी म्हणे.

हिशेब मात्र आईने शिकवला. १९५७ सालच्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे बरोबर सव्वासहा पैसे, पण पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून एका आण्याचे सहा धरत आणि चार आण्यांचे पंचवीस. आईने मला चूल फुंकता फुंकता समजावले, "वाण्याकडे एकेक आणा घेऊन चारदा गेलास तर चोवीसचा माल मिळेल. एकदम चार आणे घेऊन गेलास तर पंचवीसचा. मग कसा जाशील?" तेव्हापासून मी वाण्याकडे यादी करून एकदाच जाऊ लागलो. तो एक पैसा आईने मला ठेवू दिला. शाळेत गणिताचे मास्तर चांगले होते, पण पैशाचे गणित मी शिकलो ते त्या चुलीपाशी.

सांगायचा मुद्दा असा की, काटकसर आमच्या घरात होती, हिशेबही होता. नव्हते ते उघड बोलणे. किती येते, किती जाते, देणे किती आहे, हे मुलांनी विचारायचे नाही आणि मोठ्यांनी सांगायचे नाही.

१९६४ साली आम्ही इस्रायलला आलो आणि दिमोनात राहू लागलो. गाव वसून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. वडिलांना कापडगिरणीत काम मिळाले. वर्कशॉपमध्ये यंत्रे दुरुस्त करणारा माणूस पन्नाशीत मागावर उभा राहिला. हिब्रू त्यांना कधी नीट आली नाही. बँकेत गेले की खिडकीपलीकडची मुलगी भरभर बोले आणि हे मान हलवून परत येत. त्यामुळे बँकेवर त्यांचा विश्वास बसला नाही. पगाराचा चेक वटवायचा, घरखर्च आईला द्यायचा, आणि उरलेल्याचे ते काय करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आईलासुद्धा नाही.

वडील १९७९ साली अचानक गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत लिरा जाऊन शेकेल आला: दहा लिरांचा एक शेकेल. मग महागाईने जो कहर केला तो त्या काळी इथे असलेल्या कोणी विसरला नसेल. १९८४ साली भाव वर्षाला चारशे टक्क्यांहून जास्त वाढले. दुकानदार किंमतीच्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. पगार झाला की बायका त्याच दिवशी तेल-साखर भरून ठेवत, कारण पुढच्या आठवड्यात तेच पैसे कमी झालेले असत. १९८५ साली सरकारने कडक उपाय केले आणि सप्टेंबरात नवा शेकेल आला: हजार जुन्यांचा एक नवा.

१९८६ च्या पेसाहच्या आधी आम्ही आईच्या घरी हमेत्स काढत होतो. कपाटावरच्या जुन्या गाद्यांमागे मुंबईहून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. त्यात वडिलांच्या नोटा होत्या. दहाच्या, बियालिकचे चित्र असलेल्या. शंभराच्या, हर्झलचे चित्र असलेल्या. रबराने बांधलेल्या आणि प्रत्येक जुडीवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी: अमुक महिना, इतके. एकूण चार हजार लिरा. १९७० च्या सुमारास हे त्यांचे कितीतरी महिन्यांचे वेतन झाले असते. आईने विचारले, "आता याचे किती?" मी कागदावर हिशेब केला. दहा हजार लिरांचा एक नवा शेकेल. चार हजारांचे चाळीस आगोरोत. तेही नोटा चालत असत्या तर. त्या तर केव्हाच बाद झाल्या होत्या.

आई रडली नाही. तिने जुड्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि म्हणाली, "त्यांनी मला सांगितले असते तर मी निदान एक शिवणयंत्र घेतले असते."

माझ्या वडिलांनी चूक कोणती केली? साठवले ही नव्हे. उधळ्या माणसाला कोणी शहाणा म्हणणार नाही. त्यांची चूक ही की त्यांनी पैसा डब्यात कोंडला आणि गोष्ट मनात कोंडली. त्या काळीही मदादला जोडलेल्या बचतीच्या योजना या देशात होत्या. भाव वाढला की त्या बरोबर वाढत. मी तेव्हा हिब्रू बोलत होतो, बँकेतले कागद वाचू शकत होतो. त्यांनी नुसते विचारले असते तर मी त्यांच्याबरोबर खिडकीपाशी उभा राहिलो असतो. पण बापाने मुलाला पैशाचे विचारायचे नसते आणि मुलाने बापाला तर नाहीच.

उलट टोकाचे उदाहरणही मी पाहिले आहे. १९८३ च्या ऑक्टोबरात बँकांचे शेअर कोसळले तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एकाची सगळी पुंजी त्यात होती. "सगळे घेतात म्हणून घेतले," असे तो सांगत असे. डब्यात ठेवणारा घाबरून न विचारता ठेवतो आणि शेअर घेणारा हुरळून न विचारता घेतो. दोघांनीही विचारले नाही हे खरे.

इतके डोळ्यांनी पाहिल्यावर मी शहाणा झालो असेन असे तुम्हाला वाटेल. मी झालो नाही.

१९८९ साली माझ्या मुलाचा बार मित्स्वा झाला. शेजाऱ्यांनी हॉल घेतला होता, म्हणून आम्हीही हॉल घेतला. दोनशे पाहुणे, बँड, फोटोवाला, व्हिडिओवाला. मनात हिशेब असा की पाकिटांतून खर्च निघेल. पाकिटांतून निम्मा निघाला. बाकीच्यासाठी मी बँकेतून आठ हजार शेकेलांचे कर्ज काढले आणि ते तीन वर्षे फेडत राहिलो. मुलाला काही सांगितले नाही. "त्याच्या आनंदावर सावली नको," असे मी पत्नीला म्हणालो. त्या तीन वर्षांत त्याने सायकल मागितली, शाळेची सहल मागितली, आणि मी दर वेळी "बघू" एवढेच म्हणालो. का नाही, ते सांगितले नाही.

मुलगा सैन्यातून सुटला आणि मित्रांबरोबर चार महिने हिंदुस्थानात फिरून आला. आमची माझगावची चाळ पाहून आला, याचा मला केवढा अभिमान! परत आल्यावर बेर शेव्हात खोली घेतली, नोकरी लागली. जुनी गाडी घेतली, फ्रीज घेतला, सोफा घेतला. सगळे तश्लुमिमवर. बारा पुढच्या तारखांचे चेक इथे, बारा तिथे. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

१९९८ सालच्या एका गुरुवारी त्याच्या नावाने बँकेचे पत्र आमच्या पत्त्यावर आले. पाकिटावरूनच मला कळले. पाच चेक परत गेले की बँक इशारा देते. वर्षभरात दहा गेले की खाते मुग्बाल होते आणि वर्षभर चेक लिहिता येत नाही. हा कायदा १९८१ पासून आहे. मी पत्र उघडले नाही, टेबलावर ठेवले. शुक्रवारी संध्याकाळी तो आला. त्याने पत्र पाहिले. मी पाहिले की त्याने पाहिले. पण दिवे लागले होते, शब्बाथ सुरू झाला होता, आणि शब्बाथच्या दिवशी आमच्या घरी पैशाचा विषय काढत नाहीत. चोवीस तास ते पत्र फळांच्या ताटाशेजारी पडून राहिले. किद्दुश झाला, जेवणे झाली, तो सिनेगॉगला माझ्याबरोबर आला. आम्ही हवापाण्याचे बोललो.

शनिवारी रात्री हबदाला झाली, मेणबत्ती विझवली, आणि मी म्हणालो, "आता उघड."

नऊ हजार शेकेलांचे मिनुस होते. त्याशिवाय पुढचे चेक. मी आवाज चढवला. बापाने म्हणायचे ते सगळे म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता. मग तो शांतपणे म्हणाला, "बाबा, माझ्या बार मित्स्वाचं कर्ज तुम्ही किती वर्षं फेडलंत?"

मी गप्प झालो.

"तीन वर्षं," तोच म्हणाला. "तुम्ही आणि आई रात्री स्वयंपाकघरात बोलायचात, मी ऐकायचो. मला वाटायचं, माझ्यामुळे झालं. मग मी सायकल मागणं सोडलं. पैसे कमी पडले की कोणाला सांगायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकलो."

वाचकहो, माझ्या आयुष्यात मला कोणी इतके कमी शब्दांत इतके मोठे सुनावले नाही. मी त्याला काही शिकवले नाही असे मी समजत होतो. मी शिकवले होते, पण लपवायला. माझ्या वडिलांनी डब्यात लपवले, मी कर्ज लपवले, त्याने मिनुस लपवले. तीन पिढ्यांचे एकच घराणे!

त्या रात्री पत्नीने चहा केला आणि नातवंडे वापरतात तसली चौकटींची वही पुढे ठेवली. आम्ही तिघांनी सगळे लिहून काढले. त्याचा पगार, भाडे, प्रत्येक चेकची तारीख. मग मी माझेही लिहिले. माझा पगार किती हे माझ्या मुलाला तेविसाव्या वर्षी प्रथम कळले. गाडी विकली. दोन दुकानदारांकडे तो स्वतः गेला आणि चेकच्या तारखा पुढे ढकलून घेतल्या. मी पैसे दिले नाहीत, पण मॅनेजरकडे त्याच्याबरोबर गेलो आणि शेजारी बसलो. खाते मुग्बाल झाले नाही. मिनुस फिटायला दोन वर्षे लागली.

तेव्हापासून आमच्या घरी एक रिवाज पडला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री, हबदालानंतर, वही उघडायची. आता मुलगा ती त्याच्या घरी उघडतो आणि नातवंडे टेबलाशी बसतात. त्यांच्याबरोबर काय करतो ते थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बरे.

लहान मुलाला तीन डबे. एक खर्चाचा, एक साठवणीचा, एक त्सेदाकाचा. मिळालेल्या दहा शेकेलांतला एक त्सेदाकाचा, म्हणजे मासेर. उरलेल्याचे दोन वाटे तो स्वतः करतो. आपण बोलायचे नाही. सगळे एका दिवसात चॉकलेटवर उडवले तर उडवू द्यायचे. आठ वर्षांच्या वयात नऊ शेकेलांची चूक करणे स्वस्त पडते. भिंतीत पैसे कोण भरतो हे मी नातवाला असे दाखवले: त्याला घेऊन कस्पोमातपाशी गेलो, शंभर काढले आणि कागदाची पावती त्याच्या हातात दिली. आधी किती होते, आता किती राहिले. तो बराच वेळ पावतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे तुझेच आहेत?"

दहा-बारा वर्षांच्या मुलाला बाजारात वीस शेकेल देऊन पाठवायचे आणि शब्बाथची भाजी आणायला सांगायचे. भाव विचारायचा, दोन गाड्यांवर विचारायचा. विजेचे बिल त्यालाच वाचायला द्यायचे. एअर कंडिशनर कोण बंद करतो ते पुढच्या महिन्यात बघा!

मुलांच्या नावावर काय आहे तेही त्यांना सांगावे. जानेवारी २०१७ पासून बितुआख लेउमी प्रत्येक मुलाच्या नावावर दरमहा बचत ठेवते. सुरुवात पन्नास शेकेलांनी झाली, पुढे महागाईप्रमाणे आकडा थोडा वाढत गेला. आई-वडिलांनी सांगितले तर मुलांच्या भत्त्यातून तितकेच आणखी त्यात जातात. नातवंडांना मी हिशेब करायला लावला: पन्नास गुणिले बारा गुणिले अठरा. दहा हजार आठशे. दुप्पट ठेवले तर एकवीस हजार सहाशे, आणि व्याज वेगळे. अठराव्या वर्षी आई-वडिलांच्या संमतीने, एकविसाव्या वर्षी स्वतःच्या सहीने हे पैसे काढता येतात. ज्या मुलाला हे एकविसाव्या वर्षी प्रथम कळेल तो ते एका प्रवासात संपवील. ज्याला दहाव्या वर्षापासून माहीत आहे तो विचार करील.

उलटा हिशेबही करायला लावतो. पाच हजारांचे मिनुस आणि समजा बारा टक्के व्याज: वर्षाला सहाशे शेकेल. म्हणजे दर महिन्याला पन्नास. एका हाताने बितुआख लेउमी जेवढे पन्नास देत होते तेवढेच दुसऱ्या हाताने बँकेला द्यायचे. हे वाक्य माझ्या नातीने स्वतः काढले, मी नाही.

ही नात आता सतरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने एका कपड्यांच्या दुकानात काम केले. पहिला तलुश आला तो घेऊन ती शनिवारी वहीपाशी बसली. अठरा पुरी न झालेल्यांना किमान वेतन वयाप्रमाणे कमी असते: सोळाच्या आत मोठ्यांच्या सत्तर टक्के, सतराच्या आत पंचाहत्तर, अठराच्या आत त्र्याऐंशी. तिने कामाचे तास रोज लिहून ठेवले होते. तलुशात पहिले तीन दिवस नव्हतेच. "ते शिकायचे दिवस होते, त्याचे पैसे नसतात," असे दुकानात सांगितले होते. मुलाने तिला सांगितले की काम शिकण्याचे दिवससुद्धा कामाचेच, त्याचे वेतन द्यावेच लागते. "मी येऊ का बरोबर?" त्याने विचारले. ती म्हणाली, "नको. वही नेते." पुढच्या तलुशात तीन दिवस आले. रक्कम मोठी नव्हती. पण माझे वडील बँकेच्या खिडकीपाशी मान हलवून परत येत, आणि त्यांची पणती वही घेऊन मालकासमोर उभी राहिली. मला त्या रात्री वडिलांची फार आठवण झाली.

आता पुढच्या वर्षी ती सैन्यात जाईल. सुटल्यावर पिकादोन मिळते. ते पाच वर्षांपर्यंत शिक्षण, घर, लग्न, धंदा, गाडीचा परवाना अशा ठरावीक कामांसाठीच काढता येते, मग उरलेले मोकळे होते. त्याचे काय करायचे हे तिने आतापासून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे. बदलेल म्हणा. बदलू दे.

काही जण म्हणतात, मुलांसमोर पैशाचे बोलले की मुले लोभी होतात किंवा घाबरतात. मला उलट दिसले आहे. मुले बंद दाराआडच्या कुजबुजीला घाबरतात. आणि "लोक काय म्हणतील" याची भीती आपण मोठेच त्यांना देतो. नातीच्या बात मित्स्वाच्या वेळी मुलाने तिच्यापुढे आकडा ठेवला: आपल्याकडे एवढे आहेत, कर्ज काढायचे नाही, कसे करायचे ते तू सांग. बारा वर्षांची पोर दोन दिवस वही घेऊन बसली. शेवटी तिने हॉल नको म्हटले. घरी मलिदा केला. पोहे, खोबरे, साखर, फळे, एलियाहू हनाबीचे नाव, आणि चाळीस माणसे. उरलेल्या पैशांत आई-बाबांबरोबर एलातला तीन दिवस. आमच्यातल्या दोन-तीन जणांनी नाके मुरडली. त्यांनी कर्जाचा हप्ता भरला नसता.

वडिलांचा बिस्किटांचा डबा अजून माझ्याकडे आहे. दर पेसाहला हमेत्स काढताना मी तो खाली काढतो आणि नातवंडांना नोटा मोजायला देतो. या वर्षी धाकट्याने जुडीवरची मराठी चिठ्ठी उचलून विचारले, "यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले: महिना आणि रक्कम. तो म्हणाला, "म्हणजे त्यांची पण वही होती."

होती. फक्त ती त्यांनी कोणाला दाखवली नाही.